दादाला आवडलेले रॅम्प

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात धान कापायचा हार्वेस्टर घेणारे आम्ही दोघे भाऊ काही पहिले नव्हतो, पण तो वाहून न्यायला स्वतःचा ट्रेलर घेणारे आम्हीच पहिले. आमचा हार्वेस्टर रबरी पट्ट्यांवर चालणारा. ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तो खुशाल फिरतो, पण डांबरी रस्त्यावर पट्टे झिजतात, म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी त्याला ट्रेलरवरूनच न्यावं लागतं. ट्रेलर जुना होता, सपाट, बाजूला फाळके नसलेला. यंत्र वर चढवायला मागे दोन रॅम्प टेकवावे लागतात, ते मात्र जुन्या मालकाने आपल्याकडेच ठेवून घेतले होते.

म्हणून आम्ही चंद्रपूरला गेलो. मी आयटीआयमधून फिटरचं शिकलेलो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आठवीत शाळा सोडलेला. लोखंडातलं जे काही असेल ते मला विचारायचं, असं आमच्या घरात ठरूनच गेलेलं होतं.

दुकानाच्या अंगणात दोन तऱ्हेचे रॅम्प होते. एक सुटे, जाड लोखंडी पट्ट्यांचे, आडवे गज जोडलेले. लागले की काढायचे, काम झालं की उचलून परत ट्रेलरवर टाकायचे. दुसरे ट्रेलरच्या मागच्या कडेला बिजागरीने कायमचे बसवायचे, खाली मोठी स्प्रिंग असलेले. दादा त्या दुसऱ्यांपाशीच थांबला. नमुन्याला उभ्या केलेल्या एकाला त्याने हात लावला, खाली घेतला, वर ढकलला. परत खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पाह्य गा, एका हातानं वर येते," तो मला म्हणाला.

मी बिजागरी बघितली, स्प्रिंग बघितली, आणि नकारार्थी मान हलवली. चिखलात स्प्रिंग जाम होईल, ऐन हंगामात तुटली तर आरमोरीकडच्या एखाद्या गावात कोण दुरुस्त करणार, असं मी त्याला समजावलं. खोटं नव्हतं ते. पण त्यात मला चार शिकलेल्या गोष्टी बोलून दाखवायच्या होत्या, हेही खरं. मग मी लोखंडी रॅम्पवर चढून दोनदा उडी मारली. तो जराही वाकला नाही. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, उचलणार कोन? भारी हाय हे." मी म्हणालो, आम्ही दोघं आहोत ना. दादाने स्प्रिंगवाल्यावरचा हात काढला आणि लोखंडी रॅम्प गाडीत टाकायला तो स्वतःच पुढे झाला.

पहिले आठ-दहा दिवस आम्ही दोघं होतोही. दोन टोकांना दोघे धरायचो. मग कामं वाढली. कोणाची बांधी आधी, कोणाची नंतर, हे फोनवर ठरवायला कोणीतरी घरी हवं म्हणून मी राहिलो. दादा ट्रेलर चालवायचा. हार्वेस्टर चालवायला आम्ही एक ऑपरेटर ठेवला होता. तो यंत्र चढवताना-उतरवताना आपल्या सीटवर असायचा, आणि ते झाल्यावर लगेच कापणीला लागायचा. रॅम्प काढणं आणि घालणं दादाकडे आलं. आज आरमोरी, परवा गोंडपिपरी, मध्ये लहान लहान गावं. एका दिवसात तीनदा-चारदा. दिवाळीनंतरचं धान, मग उन्हाळी धान, परत दिवाळी.

वहिनीने मला एकदा सांगितलं होतं की दादा हल्ली खाली बसून जेवत नाही, उभ्यानेच ताट घेतो. मी कमरेला तेलाने मालीश करायला सांगितलं. दादाला काही विचारलं नाही.

चौथ्या हंगामात, एका दुपारी, ऑपरेटरचा आरमोरीकडून फोन आला की दादाला सरळ उभं राहता येत नाही. मी मोटरसायकलने निघालो. पोचलो तेव्हा दादा एका मोहाखाली कुशीवर पडलेला होता. एक रॅम्प ट्रेलरवर चढवलेला, दुसरा अर्धा वर आणि अर्धा मातीत. तो आधी बाजूला करावा म्हणून मी खालच्या टोकाला हात घातला. कमरेपर्यंतही आला नाही माझ्याच्याने. शेवटी ऑपरेटर, शेतमालक आणि मी, असे तिघं मिळून तो वर टाकला.

मी दादाजवळ बसलो. "एकटा कसा उचलत होता तू?"

"एक टोक पहिले वर टेकवायचं. मंग दुसऱ्याले खांदा द्यायचा."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुले पसंत होते ना ते," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं. वजन उचलायचं नाही, गाडी लांब चालवायची नाही, आणि हे काही महिन्यांपुरतं नाही. पावसाळ्यात दादा तलावावर जाळं टाकायला जायचा, ती त्याची एकुलती एक हौस. ओलं जाळं ओढणंही त्यात गेलं.

त्याच महिन्यात मी ट्रेलरवर नवा ड्रायव्हर ठेवला आणि स्प्रिंगवाले रॅम्प बसवून घेतले. त्यांना आता तीन हंगाम झाले. चिखल लागतो, पाण्याने धुवायचा, ग्रीस लावायचं. स्प्रिंग एकदाही तुटली नाही. बसवून आणले त्या दिवशी दादा काठी घेऊन अंगणात आला होता. त्याने एक रॅम्प हाताने ढकलला, तो सहज वर गेला. "बरं झालं," तो म्हणाला, "आता नव्या डायवरले सोपं जाइन."

माफी मागायची म्हणून मी बरेचदा ठरवलं. गेल्या हिवाळ्यात त्याला तपासणीला चंद्रपूरला नेलं होतं, येताना वाटेत मूल गावी चहाला थांबलो. टपरीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी दुकानात मी तुह्यं आयकाले पाह्यजे होतं."

त्याने रस्त्याकडे बघितलं. धानाची पोती भरलेला एक ट्रॅक्टर जात होता. मग दादा म्हणाला, "च्या थंडा होऊन राह्यला तुया."

मी चहा प्यायलो. त्याला हात देऊन गाडीत बसवलं, पाठीमागे उशी सरकवली आणि खड्डे चुकवत हळूहळू सिंदेवाहीकडे निघालो.