सफूरा घसरते ती जागा

जोहरची, म्हणजे दुपारची नमाज आटोपली की मदरशात मुलींना असरच्या अजानपर्यंत लवंडायची मुभा असते. सफूरा आडवी होते, डोळे मिटतात, पण ओठ काही थांबत नाहीत. असरच्या नमाजेनंतर शिकवणाऱ्या आपा तिची शेवटची परीक्षा घेणार आहेत. कुराण तोंडपाठ, न चुकता म्हटलं तर हाफिजा, नाहीतर आणखी एक वर्ष इथंच. आणि ही बया नेमकी एकाच जागी घसरते. अल-बकरा या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, एक आयत जवळजवळ तशीच पुढच्या आल-इमरानमध्येही आहे. तिथं पोचली की ही बकरातून निघते आणि सरळ इमरानात जाऊन पडते.

आताही पडतेच. चटईच्या जागी कुवेतच्या हॉटेलातल्या भटारखान्याची ओली फरशी आहे आणि अब्बा कांदे चिरतायत. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण कांदा डोळ्यांना झोंबतोय, त्याचं काय करायचं?

"चुकलीस गो बाय," अब्बा म्हणतात.

ती चक्रावते. अब्बांना चार छोट्या सूरांपलीकडे काही येत नव्हतं. तसं विचारते तर म्हणतात, दर जुम्म्याला फोनवर म्हणून दाखवायचीस ना, तुझं अडखळणं मला पाठ झालंय.

फरशीवरून दोघं चालत निघतात ती गावच्या जेटीवर येतात. अम्मी, मामू, सगळं गाव तिला एकच सांगत आलंय: मुलगी हाफिजा झाली की कयामतीला बापाच्या डोक्यावर ताज चढतो, आणि तीच अब्बांची इच्छा होती.

"तुम्हीच सांगितलेलं ना?"

"मी?" अब्बाच गोंधळतात. "सातवीनंतरची शाळा खाडीपलीकडं. तुझी आई घाबरायची. मदरशात खाण्या-राहण्याची सोय होती, म्हणून धाडली तुला."

सफूराला रडू येतं, संताप येतो, आणि मेलं जरा हलकंही वाटतं. सहा वर्षं ती त्या ताजासाठी पहाटे उठत आली.

"मग मी म्हणू कोणासाठी?"

"ते मला नाय ठावूक. पण म्हण. ऐकायला बरं वाटतं."

आता अब्बा दिसत नाहीत. नुसता आवाज कानाशी येतो, कुवेतहून यायचा तसा, थोडा उशिरानं. ती म्हणत राहते. ती जागा येते, आणि ती न घसरता पुढं जाते.

शेजारची शाइस्ता तिला हलवून उठवते. असरची अजान झालीय, आपा वाट बघतायत. सफूराच्या ओठांवर अजून अल-बकराच आहे.

"कोणाशी बोलत होतीस गं? डावा कान बघ कसा लाल झालाय."

सफूरा चाचपून बघते. तासभर फोन धरल्यासारखा कान तापलाय. फोन तर सगळ्यांचे आपांच्या कपाटात कुलपात आहेत, आणि ती झोपली होती उजव्या कुशीवर.