माझं तोंड चार सेकंद हललं

हे मी मराठीत लिहितेय, कारण माझ्या धाकट्या बहिणीला मराठी येत नाही. म्हणजे ट्रान्सलेट अ‍ॅपमध्ये टाकून ती वाचेलच, ओळखते मी तिला, पण तेवढा तरी वेळ मिळेल मला.

ती चौदाची, मी वीसची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पुण्याहून इकडे कॅनडात, ओकव्हिलला आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती. इथल्या पहिल्याच क्लिनिकमध्ये आईबाबांना सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश, म्हणून तिच्याशी मराठी बंद. हातवारेही करू देऊ नका म्हणाले, नाहीतर बोलायला शिकणार नाही. मग आई टेबलाखाली तिचे दोन्ही हात धरून ठेवायची आणि म्हणायची, "से इट." कित्येक वर्षं. ती बोलायला लागलीही थोडंफार. शाळेत पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायला लागली, तेव्हा तिने ते कायमचं बंद करून टाकलं. मग साइन, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, शिकवणारी शाळा मिळाली.

घरात साइन शिकले फक्त मी, लायब्ररीतल्या क्लासला जाऊन, आणि तेही किती, तर जेवणाच्या टेबलापुरतं. भात हवाय का, चल, फोन ठेव. ती म्हणते मी ओव्हनचे ग्लोव्हज घालून साइन केल्यासारखी करते. तरी घरात मीच एक्स्पर्ट. डेंटिस्ट असो नाहीतर कुणाचं बारसं, आईचं ठरलेलं, "ताई आहे ना."

तर गेल्या विंटरला तिने बेसमेंटमधला मोठा फ्रीझर बळकावला. आईचे मटार, खवलेला नारळ, सगळं बाहेर गराजमध्ये. आत मफिनचे ट्रे. प्रत्येक खळग्यात बर्फ, आणि त्यावर कुठे साधं मीठ, कुठे बर्फ वितळायला ड्राइव्हवेवर टाकतो ते निळं मीठ, कुठे गुळाचं पाणी, कुठे मीठ आणि गूळ एकत्र. वरून फूड कलर टाकायचा आणि तो बर्फात किती खोल उतरला ते टूथपिक घालून मोजायचं. गूळ का, तर इथे काही ठिकाणी रस्त्यावर बीटचा रस टाकतात असं तिने वाचलं होतं, आणि आमच्याकडे बीट नव्हतं, गुळाची ढेप होती.

नुसता गूळ काही कामाचा निघाला नाही. पण मिठात मिसळला की मीठ उतारावर चिकटून राहतं, वाहून जात नाही, आणि मग कमी मीठ पुरतं. आमच्या ड्राइव्हवेला उतार आहे आणि बर्फ शोव्हल करताना बाबा तिथे दोनदा आपटले होते, त्यामुळे तिने अर्धा ड्राइव्हवे गुळाचा केला. आई म्हणाली, "उन्हाळ्यात मुंग्या आल्या की तूच बघ गं बाई." मी ते साइन करून सांगितलं नाही. असं बरंच काही मी सांगत नाही.

हे सगळं कशासाठी, तर जुलैमधल्या एका आठवड्यासाठी. एका युनिव्हर्सिटीत बहिऱ्या मुलांचा सायन्स कॅम्प असतो, राहायचा, खऱ्या लॅबमध्ये, आणि शिकवणारे सगळे स्वतः बहिरे. एक केमिस्ट आहे, एक खगोलवाली. माझ्या बहिणीने आयुष्यात एकही बहिरा सायंटिस्ट समोर बघितलेला नव्हता. वयाची मर्यादा चौदा. आणि अट अशी की आपल्या भागातल्या सायन्स फेअरमध्ये पुढच्या राउंडला निवड झालेली हवी. म्हणजे हेच वर्ष, हीच फेअर.

फेअरच्या सकाळी तिचं साइन बोलून सांगणारी इंटरप्रिटर आजारी पडली. आयोजकांनी व्यवस्थित सांगितलं की तीन वाजता टॅब्लेटवर दुसरी इंटरप्रिटर मिळेल, जज तेव्हा येतील, तुमचं काही नुकसान होणार नाही. वाजले होते साडेदहा. धाकटी लगेच म्हणाली, थांबू. आई म्हणाली तीनपर्यंत या जिममध्ये कोण बसणार, ताई आहे ना. आणि मी? मी आधीच हात वर केला होता. खरं सांगते, मला जायचं वगैरे कुठे नव्हतं. मला ते करायचंच होतं. सगळ्यांसमोर उभं राहून, बघा मला साइन येतं. आईने कन्सेंट फॉर्मवर सही केली. धाकटीने पुन्हा एकदा थांब अशी खूण केली. मी म्हटलं, रिलॅक्स.

जज म्हणजे एक पांढऱ्या दाढीचे आजोबा, रिटायर्ड इंजिनिअर, फार गोड. त्यांनी ट्रे बघितले, गुळाचा वास घेतला, आणि विचारलं की मिठाने बर्फ का वितळतो.

या प्रश्नाची ती विंटरभर वाट बघत होती. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली, हा बर्फ. मग एकेक बोट सुटतंय, परत अडकतंय, सुटतंय, परत अडकतंय. मग मधेच काहीतरी आलं. बोटं सुटतायत, पण परत यायला गेली की वाट अडलेली. ती सावकाश, नीट करत होती, मला कळावं म्हणून. ही साइन शाळेत कुणी शिकवलेली नव्हती. तिने आणि तिच्या मैत्रिणीने व्हिडिओ कॉलवर बसून स्वतः बनवली होती. मी कितीदा मागून जाताना बघितली होती, कधी विचारलं नव्हतं हे काय म्हणून. आता समोर मला दिसत होतं की यात मला समजतंय त्यापेक्षा खूप जास्त आहे. फक्त "परत सांग" म्हणायचं होतं. पण आजोबा माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मला लाज वाटली.

मी म्हणाले, "शी सेज सॉल्ट ब्रेक्स द आइस."

त्यांनी मान डोलावली, लिहिलं. मग मला वाटलं जरा कमी झालं, म्हणून मी माझ्या मनाचं जोडलं की तिने लहानपणापासून किती सोसलंय, तरी कशी हसत असते. आजोबांचे डोळे भरून आले. धाकटीचे हात थांबले होते आणि माझं तोंड चालू होतं. तिने विचारलं, काय सांगतेयस? मी खूण केली, चांगलं चांगलं.

पुढच्या राउंडच्या यादीत ती नव्हती. तिला स्पेशल प्रेरणा पुरस्कार मिळाला, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. कुणीतरी माइकवरून सांगितलं आणि अख्ख्या जिमने टाळ्यांऐवजी, बहिरे लोक करतात तसे, हात वर करून हलवले. ती ते हात बघत उभी राहिली. चेहरा असा, की कुणीतरी तिच्या ताटात हात घातलाय.

गाडीत तिने जजचा शेरा वाचला. मनमिळाऊ मुलगी, प्रयोग मेहनतीने केलाय, पण त्यामागचं विज्ञान सांगता आलं नाही.

आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "बाकीच्यांना नुसतं मेडल, आणि हिला एकटीला फ्रेम. सांग तिला." फोटो एव्हाना फॅमिली ग्रुपवर गेला होता. अमरावतीच्या मामीचा मेसेज आला, बिचारी, देव एक घेतो तर एक देतो.

धाकटीने कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि साइन केलं. हे मला शब्दन् शब्द समजलं.

"मी एक मिनिट बोलले. तुझं तोंड चार सेकंद हललं. मी मोजले. त्यानंतरचं माझं नव्हतंच."

मी म्हटलं, ते समराइज केलं. ती म्हणाली, "नाही. तुला कळलं नव्हतं आणि तू विचारलं नाहीस."

तिने स्वतः आयोजकांना ईमेल केली, पूर्ण स्पष्टीकरण लिहून, की मीठ बर्फ तोडत नाही, सुटलेल्या पाण्याच्या कणांची परतीची वाट अडवतं, आणि तेही शाळेतल्या कुणाहीपेक्षा चांगल्या इंग्लिशमध्ये. उत्तर अगदी सभ्य होतं. निकाल बदलता येत नाही. इंटरप्रिटर म्हणून बहिणीला ठेवायला कुटुंबाने लेखी संमती दिली होती. बाबा म्हणाले, "नेक्स्ट इयर करू बाळा," आणि मग त्यांच्याच लक्षात आलं.

मग तिने कॅम्पलाच लिहिलं. तिथल्या केमिस्ट बाईंनी व्हिडिओ कॉलवर वेळ दिली. मला वाटलं मी माफी मागेन, माझी चूक होती म्हणेन, काहीतरी होईल. तिने मला कॅमेऱ्यात येऊ दिलं नाही. मी तिथेच बेसमेंटमध्ये, बाजूला वॉशिंग मशीनला टेकून बसले. तिने ती बोटं केली. स्क्रीनवरच्या बाई पुढे सरकल्या, परत करायला लावलं, मग स्वतः करून बघितलं आणि विचारलं की ही साइन मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवू का. धाकटीचा चेहरा मी इतका उघडा कधी बघितला नव्हता.

मग बाईंनी मान हलवली. यादी त्यांच्या हातात नव्हती, अट अट होती, जागा भरल्या होत्या. एवढं मला कळलं, कारण त्या ते हळू सांगत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं की त्या दिवशी तुझ्यासाठी बोललं कोण.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे वळून साइन केलं, "ऐकू येणारी एक व्हॉलंटिअर होती. मी ओळखत नाही तिला."

बाई काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मग दोघींचे हात भराभर चालायला लागले आणि त्यातलं मला काहीही समजलं नाही.