सॉकेट नसलेली गाडी

बेलवलीतल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली मीटरची खोली आहे. तिथे माणूस जातो तो एकतर फ्यूज उडाल्यावर, नाहीतर शेजाऱ्याचं बिल आपल्यापेक्षा कमी कसं, याचा छडा लावायला. त्या दिवशी सकाळी मी डोकावलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या यशोधरावहिनी स्टुलावर बसून मीटरकडे टक लावून पाहत होत्या. मी "काय वहिनी" म्हणालो, तर माझ्याकडे न बघताच त्यांनी पंजा उभा केला. मंत्र्याची गाडी येताना हवालदार करतो तसा.

"एकतीस," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "बत्तीस."

मीही मीटरकडे पाहू लागलो. मीटरवर एक लाल दिवा असतो. वीज जितकी जास्त ओढाल तितका तो घाईने लुकलुकतो. असं बत्तीसशे वेळा झालं की एक युनिट, हे मीटरवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. वीस वर्षं मी माझ्या मीटरचं बिल भरतोय, पण त्याच्याशी इतकं जवळून बोलायची वेळ आली नव्हती.

अर्धा तास भरला आणि आकडा अठ्ठेचाळीसवर थांबला. वहिनी जिन्यातून वर ओरडल्या, "अहो, काढा आता तोंडावरचं!"

वर त्यांचे यजमान मिलिंदभाऊ खुर्चीत बसले होते. घरातला फ्रिज, पंखा, दिवे, सगळं बंद. नाकावर रबरी मुखवटा, त्याला नळी, नळीच्या टोकाला डबडं. भर दिवसा, टक्क जागे, घामाने निथळत.

"तीस वॉट," वहिनी वर येऊन म्हणाल्या. "आपली जुनी ट्यूबलाइट खायची त्याहून कमी. एवढ्याशात माणूस झोपतो बघा."

बोलण्यात अशी नवलाई होती, जणू नवरा पहिल्यांदाच वजनकाट्यावर चढला होता.

मिलिंदभाऊ सव्वीस वर्षं टुरिस्ट बसवर ड्रायव्हर होते. पुढे स्वतःची शाळेची व्हॅन चालवली. घोरणं असं, की पूर्वी चौथ्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावत. मग डॉक्टरांनी सांगितलं की हे नुसतं घोरणं नाही, झोपेत श्वास अडकतो. रात्री हे मशीन लावायचं. ते हवा ढकलतं, श्वास चालू राहतो. एक रात्रही चुकवायची नाही. त्याप्रमाणे चाललं होतं. पण जालन्याला पुतण्याच्या लग्नात झोपेत लाइट गेली, मशीन बंद पडलं आणि भाऊ पाण्यातून वर यावं तसे धापा टाकत उठले. तेव्हापासून त्यांनी घराबाहेर एक रात्र काढलेली नव्हती. अख्खा महाराष्ट्र फिरलेला माणूस पलंगाशेजारच्या प्लगला बांधला गेला.

वहिनींचं उलट. एकतीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात मोटारीच्या कॉइल गुंडाळल्या. तांब्याच्या तारेचे फेरे बोटांनी मोजायचे. तिथला फेरे मोजणारा काटा चुकला की साहेब वहिनींना विचारत. पण या एकतीस वर्षांत कल्याणपलीकडे किती वेळा गेल्या, तर तेही बोटांवर मोजता येईल.

"तुम्ही अजिंठ्याला कितीदा गेलात हो?" त्यांनी एकदा माझ्यासमोरच भाऊंना विचारलं.

"चाळीस तरी झाल्या असतील फेऱ्या."

"लेणी कशी आहेत?"

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "पार्किंग चांगलं आहे," ते म्हणाले.

पॅसेंजर वर जायचे, ड्रायव्हर खाली गाडीत झोपायचा. परतीचा रस्ता रात्रीचा. त्यामुळे चाळीस फेऱ्यांत भाऊंनी बुद्धाचं दर्शन घेतलं ते फक्त आपल्या डॅशबोर्डवरच्या छोट्या मूर्तीत. ते आठवलं की वहिनींना वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की त्या रडत नसत, मोजायला घेत. दोघांनी गाडीतच झोपत अजिंठ्याला जायचं ठरवून व्हॅनच्या सीटा त्यांनी काढून टाकल्या, मागे फळ्यांचा बिछाना केला. पिवळ्या रंगावर नवा रंग मारला, पण दारावर 'सावकाश' एवढी अक्षरं अजून वर येतात. आता प्रश्न एकच उरला होता. त्या तीस वॉटचं काय?

आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये सोलरच्या दुकानात गेलो. आम्ही म्हणजे वहिनी, भाऊ आणि पिशव्या धरायला मी. शेठ सिंधी, बोलायला गोड.

"बोलो दादी, क्या क्या चलाना है?"

सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. हे वहिनींना ठाऊक होतं म्हणून शेठ वाचला.

"एक माणूस," वहिनी म्हणाल्या.

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी खांद्यावरच्या पिशवीतून मशीन काढून काउंटरवर ठेवलं.

"इसके वास्ते कोई गाडी पे सोलर लगाता है क्या? साईं, फॅमिली किट ले जाओ. टीव्ही, मिक्सर, छोटा फ्रिज, सब चलेगा!"

भाऊंचे डोळे चमकले. ड्रायव्हर माणूस, त्याला गाडीत टीव्ही म्हटलं की काय होतं ते काय सांगावं. पण वहिनींनी कॅलेंडरच्या पानामागचा हिशेब उलगडला. रात्रीचे आठ तास, तीस वॉट. बॅटरीत दोन रात्रींची झोप मावली पाहिजे, कारण एक रात्र आपली, दुसरी ढगांची. मग एक पॅनल त्यांनी दुकानाबाहेर उन्हात काढायला लावलं, आपल्या पिशवीतला मीटर काढून त्याला लावला आणि म्हणाल्या, "मागे छापलंय एकशे पासष्ट वॉट. आत्ता देतंय एकशे अठरा. उन्हाने तापलं की कमीच देतं, चालायचंच. मी शंभरच धरते."

शेठ काउंटर सोडून बघायला आला. समोरचा कापडवालाही कात्री घेऊन बाहेर आला. पाटीवर काय छापलंय त्यावर विश्वास न ठेवणारं गिऱ्हाईक कॅम्प दोनला नवीन नाही, पण सूर्यालाच घासाघीस करून शंभरवर आणणारं गिऱ्हाईक त्यांनीही प्रथमच पाहिलं असावं.

शेवटी सर्वांत लहान किट ठरलं. एक पॅनल, एक बॅटरी, दोघांच्या मधला कंट्रोलर आणि शेठच्या आग्रहाखातर घरासारखी दोन सॉकेट असलेला इन्व्हर्टर. "पंद्रह दिन में पसंद नहीं आया तो बदल देंगे, दादी." मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या सॉकेटात बसला, आणि वहिनींची मोजदाद आयुष्यात एकदाच चुकली, ती तिथे.

परीक्षा शुक्रवारी ठरली. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाइनच्या दुरुस्तीचा वार, सकाळी बत्ती गेली की संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. दुपारी जेवून भाऊ व्हॅनमध्ये आडवे झाले, मुखवटा लावला, मशीन सुरू झालं. पाच मिनिटांत झोपले.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी देवदत्त आले. "वहिनी, जरा फोन लावू का? दोनच टक्के आहेत."

नाही कसं म्हणणार? आमच्याकडे कुणाकडे पाणी आलं तर बादल्या सगळ्यांच्या लागतात. देवदत्तांनी फोन लावला. मग ते घरून एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आले, कारण सेक्रेटरी म्हणजे नियोजन. अर्ध्या तासात त्या बोर्डावर नऊ फोन दाटीवाटीने लोंबकळत होते, आणि व्हॅनभोवती सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली होती. वार्षिक सभेला इतकी हजेरी नसते. वहिनी कंट्रोलरवरचा आकडा बघत होत्या, ओठ हलत होते, पण नऊ फोन बसत होते हिशेबात.

मिक्सर बसत नव्हता. तळमजल्याच्या नीलिमाताई इडलीच्या चटणीचं भांडं घेऊन कधी आल्या आणि त्यांनी मागच्या बाजूने दुसऱ्या सॉकेटात प्लग कधी घातला, कुणालाच दिसलं नाही. एकदाच 'घुर्र' झालं. इन्व्हर्टरने टीं करून मान टाकली.

मशीन बंद पडलं. आणि मग व्हॅनमधून घोरणं उठलं.

पाच-सहा वर्षांनी ते ऐकत होतो. सगळे हसले. मग घोरणं मधेच थांबलं, आणि हसणंही. आम्ही तिथे उभे राहून वाट बघत होतो, तो पुढचा श्वास काही येईना. वहिनी दार उघडेपर्यंत भाऊ धापा टाकत उठून बसले होते. घामेजलेले, घाबरलेले.

"जालन्यासारखंच झालं, यशो," ते म्हणाले. "राहू दे. आपल्याला घरच बरं. प्लग तरी आहे शेजारी."

नीलिमाताई रडायच्या बेतात होत्या. "माझ्यामुळेच हो वहिनी, माझ्या मेलीच्या चटणीमुळे..."

"तुमचं काय चुकलं?" वहिनी म्हणाल्या. "सॉकेट दिसलं की माणूस प्लग घेऊन येणारच. मीच आले असते. चूक सॉकेट ठेवलं ही."

शनिवारी आम्ही पुन्हा कॅम्प दोनला. वहिनींनी इन्व्हर्टर काउंटरवर ठेवला.

"हे नको. बिनसॉकेटचं द्या."

"दादी, लोग दो का चार सॉकेट माँगते हैं!"

"त्यांच्याकडे पाहुणे येत नसतील."

बॅटरीतून मशीनला सरळ वीज देणारी एक लहान डबी मिळते, इन्व्हर्टरची गरजच नाही. ती घेतली. तिची तार वहिनींनी घरी ओट्यावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, स्वतः कथलाचा डाग देऊन जोडली. टोकाला अशी पिन, की जगात फक्त त्या मशीनलाच बसेल. एकतीस वर्षांची बोटं ती. डाग देताना धूर सरळ वर जात होता. मी पाहत होतो आणि मनात येत होतं, की आपण आयुष्यात एक तरी गोष्ट इतक्या खात्रीने कुठे जोडली का?

भाऊ मात्र पुन्हा गाडीत झोपायला तयार नव्हते. "तू म्हणतेस म्हणून एकदाच," ते म्हणाले. "पुन्हा बंद पडलं तर गाडी भंगारात."

पुढच्या शुक्रवारी बत्ती गेली. भाऊ आडवे झाले. देवदत्त एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आले, व्हॅनला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं, भोक कुठेच नाही. बोर्ड काखेत धरून देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. नीलिमाताई इमारतीच्या पार मागे जाऊन खलबत्त्यात चटणी कुटत होत्या, आवाज येऊ नये म्हणून.

वहिनींनी मला कंट्रोलर दाखवला. येणारी वीज पंच्याण्णव, जाणारी एकोणतीस.

"कळलं का?" त्या कुजबुजल्या. "हे झोपलेत आणि बॅटरी भरतेय."

वर टपावरच्या पॅनलवर ऊन आपटत होतं. एप्रिलचं ऊन, ज्याला आपण जन्मभर शिव्या देत आलो, ज्याने आमच्या चार मजल्यांवरच्या सगळ्यांची दुपारची झोप उडवली होती. तेच ऊन एका तारेतून खाली उतरून एका माणसाला श्वासाश्वासाने झोपवत होतं. व्हॅनमधून आवाज म्हणून नाही. मला वाटतं आमच्या इमारतीत एवढी माणसं एवढा वेळ गप्प राहिल्याची ती एकमेव नोंद असेल. दोन तासांनी भाऊ स्वतःहून उठले, बाहेरची गर्दी पाहिली आणि म्हणाले, "काय झालं? पाणी आलं का?"

मे महिन्यात ते दोघं निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन फर्दापूरहून, अजिंठ्याच्या पायथ्यापासून.

"सात तास चाळीस मिनिटं," हॅलोच्या आधी त्या म्हणाल्या. "यांची झोप. मशीनवर आकडा आलाय. काल रात्री इथे साऱ्या गावाची लाइट गेली होती म्हणे. यांना पत्ताच नाही. चहा पिताना दुसऱ्याने सांगितलं."

संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा, हळू. भाऊ लेण्यात चढून गेले होते. एक्केचाळिसाव्या फेरीत. एका लेण्यात वहिनी अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या, काही न मोजता. तिथल्या गाइडने सांगितलं, की आत इतका अंधार असताना चित्रं काढली कशी, तर म्हणे बाहेरचं ऊन पांढऱ्या कापडावर झेलून आत वळवत.

"खरं-खोटं तो जाणे," वहिनी म्हणाल्या. "पण मी यांना म्हटलं, बघा, त्यांच्याकडेसुद्धा सॉकेट नव्हतं."

मागून भाऊंचा आवाज आला, "यशो, ठेव आता. ऊन उतरतंय, पॅनल पुसायचंय."