डायखालचा कागद

"काका, चार चहा सांगा ना. एक बिनसाखरेचा."

मीटिंगच्या खोलीतल्या पडद्यावर तेव्हा माझ्याच कामाचा फोटो होता. मी बसवलेली डाय. खाली मी बोललेलं वाक्य, इंग्रजी करून; साहेबानं मराठीत सांगितलं म्हणून कळलं. कारखान्याच्या मालकानं विचारलं, "हे कुणी शोधलं?" आमचा कन्सल्टंट साहेब, वय तिशीच्या आतलं, म्हणाला, "टीमचं ऑब्झर्वेशन आहे सर." आणि लगेच माझ्याकडे वळून चहाचं बोलला.

मी उठलो. चहा सांगायला गेलो. खोटं कशाला लिहू, गेलो. पासष्टी ओलांडलेला माणूस, पण कुणी साहेब बोलला की पाय आधी उठतात. डोकं मागनं येतं. त्या उठण्याची लाज अजून गेलेली नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. मग पिंपरीत पॉवर प्रेसवर लागलो आणि डाय सेटर झालो. पत्र्यातून पार्ट कापून काढणारा साचा म्हणजे डाय. ती प्रेसवर नेमकी बसवायची. केसभर तिरकी बसली तरी पार्टच्या काठाला धार राहते, हात कापतो. मी डायच्या कोपऱ्याखाली जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद सारायचो. एक घडी, कधी दोन. कुठल्या कोपऱ्याला किती, ते प्रेसच्या आवाजावरून. आमच्यात रीत होती, ज्यानं कागद घातला त्यानंच काढायचा. दुसऱ्याच्या कागदाला हात लावला म्हणून मारामाऱ्या झालेल्या मी बघितल्यात.

निवृत्त झालो आणि संत तुकाराम नगरात घरी बसून कुजत होतो. ह्या साहेबाला कुणीतरी माझं नाव सांगितलं. मला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी विचारलं. गळ्यात कार्ड घातलं. शेजाऱ्यांना सांगत सुटलो, मी आता कन्सल्टंट हाय.

कसलं ते काम. सकाळी सातला गाडी. चाकणच्या रस्त्यावर तासभर एकाच ट्रकच्या मागे. साहेबाच्या हाताखालचे दोघे माना टाकून झोपलेले, लॅपटॉप मांडीवर उघडाच. त्यांचीही कीव यायची. कंपनी बदलायची, बोलणं तेच. अहवालातलं मागच्या कंपनीचं नाव काढून नव्या कंपनीचं घालायचं, बाकी पानं तशीच. मग दिवसभर लोकांच्या पाठीमागे उभं राहायचं. कोण किती वेळा पाण्याला गेला, लिहा. कोण किती वेळ वाकला, लिहा. आम्ही आलो की कामगार गप्प व्हायचे. एक जण तोंडावरच म्हणाला, "काय राव काका, आता आमची मोजदाद करता व्हय?" मी हसून टाळलं. संध्याकाळी अंग नुसतं ओझं. प्रेसवर डबल शिफ्ट करून मी असा थकलो नव्हतो.

निघोज्याजवळच्या ह्या कारखान्यात धारेचाच त्रास होता. प्रेसच्या पुढे एक टेबल, टेबलाला सहा बाया. कानशीनं घासून पार्टच्या काठाची धार घालवायच्या. मी डाय पाहिली. प्रेस बंद करायला लावली, खिशातला कागद सारला. पुढचा पार्ट लोण्यासारखा आला. फुगलो. साहेबाला म्हणालो, "डाय अशी बसली तर हे टेबल कशाला लागतंय?"

त्यानं ते लिहून घेतलं. मी आणखी फुगलो.

आणि आता चहा सांगून परत आलो तर पडद्यावर त्या टेबलाचा फोटो. सहाही बाया त्यात. वर लाल फुली. मला इंग्रजी येत नाही. फुली कळते.

तसाच खाली उतरलो. टेबलावरच्या नसीमला सांगितलं. तिचा नवरा आजारी, घर तिच्याच पगारावर. हातातली कानस न थांबवता ती म्हणाली, "काका, आमच्या टेबलाचं तुमाला कुणी इचारलं व्हतं?"

कुणी विचारलं नव्हतं. मी मोठेपणासाठी बोललो होतो. साहेबानं माझं बोलणं आपलं म्हणून विकलं, ते खरं. पण ह्या बायांच्या भाकरीवर ते बोलणं मीच नेऊन ठेवलं होतं.

प्रेस बंद करायला लावली. डाय सैल केली आणि माझा कागद काढून घेतला. डाय परत आवळून पाच पार्ट मारले. ते घेऊन वर गेलो, दार न वाजवता आत शिरलो आणि मालकासमोर ठेवले.

"काका, मीटिंग चालू आहे," साहेब म्हणाला. "प्लीज बाहेर थांबा."

"न्हाई थांबत. मालक, काठावर अंगठा फिरवून बघा."

मालकानं हात मागे घेतला. "परत धार? कशी काय?"

"कागद व्हता तवर गेली व्हती. कागद माझा. काढला मी."

"म्हणजे मुद्दाम माल खराब केलात?"

"पाच पार्ट. बाया घासून देतील. पण उद्या डाय झिजली, बदलली, की धार येणारच. कागद घालणारा तुमच्याकडं एकबी न्हाई. टेबल उचललं तर हा माल असाच बाहेर जाईल."

"मग शिकवा कुणाला तरी."

"त्या सहाजणींनाच शिकवतो. आधी ती फुली काढा."

साहेब हसला. "काका जरा इमोशनल झालेत सर."

मालक म्हणाला, "बघू."

ह्या 'बघू'ला मी पोरवयापासून ओळखतो. चौघी राहिल्या. दोघींना कामावरून काढलं. त्यात नसीम. परवा बसस्टॉपवर दिसली. मी हाक मारली. तिनं मान हलवली आणि आलेल्या बसमध्ये चढली. का बोलावं?

राहिलेल्या चौघींना शिकवायला जातो. कोपरा कुठला, घडी किती, आवाज कसा ऐकायचा. आमच्यातलं कुणी हे कधी उघडं केलं नाही. मी करतोय.

मग साहेबाचा फोन आला. जसं काही झालंच नाही. "काका, सोमवारी गाडी पाठवतो. नवीन कंपनी आहे."

म्हणालो, "येतो. पण ज्याच्या कामाचं मी बोलणार, तो माणूस त्या खोलीत बसलेला पायजे. त्याच्यासमोरच बोलणार."

"काका, असं नसतं होत."

"मग माझ्याकडनं एक अक्षर मिळायचं न्हाई."

थकलोय. जिना चढताना आता कठडा धरावा लागतो. पण हे ठरलं ते ठरलं. कुणाचंही काम मी त्याच्या पाठीमागे मोजणार नाही. दुसरं कुणी मोजताना दिसलं, तर ज्याचं मोजतायत त्याला आधी जाऊन सांगणार. मोजणाऱ्याच्या देखत सांगणार.