अण्णांच्या आवाजातली पोथी

धाकट्या भावाने मोबाइल माझ्या कानाला लावला आणि आतून अण्णांचा आवाज आला. अण्णा समोरच खाटेवर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटलेला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. भावाला वाटलं, आनंदाने आला.

तासगावजवळच्या आमच्या गावात श्रावणभर मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, तो वाचक. दुसरा तिचा अर्थ सांगतो, तो सूचक. वाचक म्हणजे गावातले शिंपीकाका आणि सूचक आमचे वडील, अण्णा. मला कळायला लागल्यापासून हीच जोडी. यंदा अण्णांची जागा रिकामी राहणार म्हणून गाव हळहळत होतं. मी अण्णांचं करायला रहिमतपूरहून माहेरी आले होते.

भाऊ कुपवाडला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने लोकांच्या मोबाइलमधली अण्णांची जुनी रेकॉर्डिंगं गोळा केली आणि कुठल्याशा ॲपमध्ये घातली. आता पोथीच्या पानाचा फोटो टाकला, की ते यंत्र आपणच अर्थ जुळवायचं आणि अण्णांच्या आवाजात सांगायचं. मध्येच घसा खाकरायचं, तेसुद्धा अण्णांसारखंच.

"ह्यात वाईट काय हाय, आक्का?" भाऊ म्हणाला.

"ते अजून कळलं न्हाई, म्हणून तर भ्या वाटतंय."

"तू लय संशयी हायस बघ. अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं, दिसलं न्हाई व्हय तुला?"

दिसलं होतं. पण या दुखण्यात माणसाला उगाचच रडू येतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितलं होतं. भावाला सोयीचं तेवढं लक्षात राहिलं. मी अण्णांना विचारलं, "आवडलं का?" त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. भाऊ म्हणाला, दमलेत. मला ते पटलं नाही. तो आवाज अण्णांच्या नावावर गावाला काहीही ऐकवील, आणि 'हे मी बोललो नाही' एवढंही अण्णांना म्हणता येणार नाही, ही भीती माझ्या मनातून जाईना.

पोथी लागली. अण्णांना खुर्चीत बसवून देवळात नेलं, खांबाजवळच्या त्यांच्या जागी. शेजारी स्पीकर. शिंपीकाकांनी ओवी म्हटली, भावाने बटण दाबलं आणि अण्णांच्या तोंडाची हालचाल न होता अण्णा बोलू लागले. म्हाताऱ्या बायकांनी स्पीकरला हात जोडले. मला तर कपाळाला हात लावावासा वाटला.

पण गर्दी वाढली, हे कबूल करायला हवं. एरवी देवळाकडे न फिरकणारी पोरं येऊन मागे उभी राहू लागली. रूप बदलून आलेल्या राक्षसाची गोष्ट निघाली, तेव्हा आवाज म्हणाला, "बँकेतनं बोलतोय म्हणून वटीपी मागतो, त्यो ह्याचाच भाऊ हाय बगा!" देऊळ हसलं. मीही हसले आणि लगेच स्वतःचाच राग आला. अण्णा हसले नव्हते. ते समोरच्या माणसांकडे बघत होते.

त्यांची ती जुनी सवय. अण्णा पोथीकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघायचे. बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर दिसले, की भाऊबंदकीचा अर्थ असा सांगायचे, की दोघेही मान खाली घालून बसायचे. स्पीकरला समोर कोण बसलंय ते काय कळणार? मी भावाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आता तुला स्पीकरला डोळं बी पायजेत व्हय?"

आमच्या शेजारच्या काकीचा एकुलता एक मुलगा उन्हाळ्यात गेला. कुपवाडला पहिल्या पाळीला निघाला होता, ट्रकने मोटरसायकल उडवली. तेव्हापासून काकी घराबाहेर पडलेली नव्हती. भाऊ घरी लावून बघायचा तो अण्णांचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू गेला आणि ती एका संध्याकाळी आपणहून देवळात आली. बायकांनी तिला पुढे जागा दिली.

नेमका त्या दिवशी पुत्रशोकाचा अध्याय. गावात कुणाचं पोर गेलेलं असलं, की अण्णा त्या ओव्यांचा अर्थ सांगत नसत. हात वर करायचे आणि म्हणायचे, "ह्येचा अर्थ उद्या." शिंपीकाका पुढची ओवी घ्यायचे. तो उद्या कधी यायचा नाही आणि कुणी विचारायचंही नाही. शिंपीकाकांनी त्या दिवशीही ओवी संपवून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डावा हात वर केला. मी पाहिलं, शिंपीकाकांनी पाहिलं. भाऊ मान खाली घालून मोबाइलमध्ये होता. त्याने बटण दाबलं.

"लेकराचं डोस्कं मांडीवर घिऊन माय म्हणती, ऊठ रं माज्या राजा..."

"बंद कर!" मी बायकांतून ओरडले. भावाने दचकून वर पाहिलं, मोबाइल त्याच्या हातून सतरंजीवर पडला, आणि तो उचलून बटण सापडेपर्यंत आवाज थांबला नाही. त्या आवाजाने घसा खाकरला आणि अगदी मायेने पुढे सांगितलं, "जल्माला आला त्यो जायाचाच. मग रडायचं कशापायी?"

मग बंद झालं. काकी उठली. मला वाटलं, ती भावाला बोलेल, आणि बोलली असती तर बरंच झालं असतं. ती भावाकडे गेलीच नाही. अण्णांच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. आवाज यंत्राचा होता हे तिलाही माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. पण कानांनी ऐकलं होतं ते अण्णांनाच.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी तरी असं बोलाया नगं व्हतं."

अण्णांचं तोंड उघडलं. ओठ थरथरले, आतून नुसती हवा आली. त्यांनी डावा हात जोरजोराने हलवला, नाही, नाही, नाही. तोवर काकीने पाठ फिरवली होती.