व्हॉट्सॲपवरचं आवतन

वडिलांचं वर्षश्राद्ध आलं आणि घरात एकच घोर लागला: काका जेवायला येतील का? काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. राहतात आमच्या भिंतीपलीकडेच. पन्हाळीच्या पाण्यावरून दोघा भावांचा अबोला झाला, तो वडील गेले तरी सुटला नाही. काकांनी खांदा दिला, तेरवी उरकली आणि पुन्हा भिंतीपलीकडे गेले. पाठच्या भावाशिवाय पंगत बसायची, हे आईच्या जिवाला लागलं होतं.

आमच्याकडे अशा जेवणाचं आवतन घरी जाऊन द्यावं लागतं. पण मी पडलो शहाणा. "मेसेज टाकू, उगीच तोंडाला तोंड नको," असं म्हणून मीच आईच्या फोनवर टाइप केलं, शेवटी जोडलेले हात. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. चार दिवस आई फोन उघडून त्या खुणाच बघत होती आणि मी तिच्यावर खेकसत होतो. खरं तर मला माझाच राग येत होता.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी फोनच मेले. बुलढाण्याच्या रस्त्यावर खोदकामात केबल तुटली म्हणे. वायफाय नाही, रेंज नाही. आता उत्तर यायची आशाही संपली. त्यात पाण्याची पंचाईत. आमच्या गावात नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतात आणि कधी येणार ते गल्लीच्या ग्रुपवर कळतं. उद्या साठ माणसं जेवणार आणि टाकी कोरडी.

"टँकरवाल्याले फोन लावतो," मी म्हणालो.

"कशावरून?" आईनं विचारलं. मी मेलेला फोन खिशात घातला.

दहाच्या सुमारास भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. त्या म्हशीशी बोलत होत्या, पण गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्यानं.

"नळ येऊन राह्यले वो माय! खालच्या आळीत आले. ज्याले भराचं अशीन त्यानं तोटी उघडून ठेवा!"

म्हशीला तोटी उघडता येत नाही, हे काकूंनाही ठाऊक होतं. मला हसू फुटलं. आई हसली नाही. टाकीत धार पडायला लागली तशी तिनं पदराला हात पुसले आणि तशीच अनवाणी बाहेर पडली. ती थेट काकांच्या अंगणात शिरली. काका तिला काही वेडंवाकडं बोलले असते तर मी काय केलं असतं, कोण जाणे. मी मागे धावलो.

काका ओट्यावर बसले होते. उठले नाहीत.

"भाऊजी, उद्या जेवाले या," आई म्हणाली.

"मेसेज वाचला म्या."

"तो पोरानं टाकला. चुकलं आमचं. आता मी आली न सांगाले."

काकू चाऱ्याची पेंढी धरून जागीच उभ्या होत्या. मग काका माझ्याकडे वळले.

"चार रोज झाले, वावरात गेलो नाही बे आम्ही दोघंही. म्हटलं, आवतन घेऊन कोणी आलं अन् दाराले कडी दिसली तं?"