उस्तादांच्या पायाला कळायचं

माणिकराव उस्ताद गेल्याचं मला त्यांच्या जावयाने येऊन सांगितलं. हैदराबादच्या बेगम बाजारात या जावयांचं भांड्यांचं दुकान आहे. त्या सकाळी दुकान न उघडता ते तसेच माझ्याकडे आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "मामंजी पहाटे गेले. शांता म्हणाली, विनायकरावांना आधी कळवा." आधी कळवा... त्या घरात मी इतका जवळचा समजला जात होतो. मी तसा नव्हतो हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतला एक त्या पहाटे गेला होता.

याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे त्याचे गुण सांगायचे असतात. उस्तादांचे गुण सांगायला मला स्वतःचं एक कृत्य सांगावं लागणार आहे, दुसरा मार्ग नाही.

उदगीरकडच्या एका शेतकरी घरातले ते. ऐन विशीत हैदराबादला आले, एका जहागीरदाराच्या मोटारी धुता धुता इंजिन शिकले आणि पुढे सरकारी मोटारखान्यात लागले. मी डिप्लोमा घेऊन त्याच मोटारखान्यात आलो तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, मुसलमान ड्रायव्हर, तेलुगू फिटर, आम्ही मराठी, सगळेच. मला ते पहिल्या दिवसापासून विनायकबाबू म्हणाले. पेचकसाची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची, लाकडी मूठ कानाला आणि पातं इंजिनाला लावून आतली कुठली खटखट कुठून येते ते ऐकायला त्यांनीच मला शिकवलं. शिकवताना ते कधी रागावत नसत. चुकलं की म्हणायचे, "नक्को, तसं नक्को. पुन्हा ऐका."

एका गोष्टीवर मात्र आमचं जमत नसे. त्यांचं म्हणणं, इंजिनात ताजं ऑइल पडलं की गाडी चालवणाऱ्याला ते कळतं. "गाडी श्वास सोडते, बाबू. पायाला कळतं." मी पुस्तकातून शिकलेला. ऑइल झीज थांबवतं, इंजिन जपतं, पण दहा मैल चालवून कुणाला फरक कळेल हे मला पटत नसे. नवं ऑइल टाकल्याचं माहीत असतं म्हणून माणसाला गाडी हलकी वाटते, असं मी म्हणायचो. ते हसायचे. "हौ, तुमची किताब खरी असंल. माझा पाय बी खोटा नाही." त्यात कडवटपणा नव्हता. डबा खाताना बोलायचा तो विषय होता.

मग राज्यांची पुनर्रचना आली. आमचं हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं आणि कचेऱ्यांमध्ये माणसांचीही वाटणी सुरू झाली. ज्याचं मूळ गाव मराठवाड्यात त्याने मुंबई राज्यात जायचं, ज्याचं कानडी भागात त्याने म्हैसूरकडे. टेबलं, कपाटं, फायली, गाड्या... रोज कशाची तरी यादी निघायची. मोटारखान्यातल्या आम्हा मराठी माणसांपैकी एकालाच इथे ठेवता येईल, आणि तो कोण हे साहेबांच्या शिफारशीवर ठरेल, असं कळलं. नाव उस्तादांचं होणार यात कुणाला शंका नव्हती. त्यांच्या पत्नीला, राधाबाईंना, जबर दमा होता आणि शहरातल्या कोठी भागातल्या एका डॉक्टरच्या औषधाने त्या तग धरून होत्या. दर आठवड्याला त्यांना तिथे न्यावं लागे. माझं मूळ गाव परभणीकडचं, पण आमच्या तीन पिढ्या या शहरात सरकारी नोकरीत गेलेल्या. आईला दिसत नव्हतं, घराच्या भिंती हाताने चाचपत ती फिरायची. बायकोला नुकतीच मराठी शाळेत नोकरी लागली होती. मला जायचं नव्हतं. पण नुसतं जायचं नसणं हा काही गुन्हा नव्हे.

त्या दिवसांत नवे साहेब आले होते, बाहेरचे. ऑइलवर खर्च फार होतो असं त्यांचं मत झालं आणि त्यांनी उस्तादांना विचारलं, इतक्या लवकर बदलायची गरज काय? उस्तादांनी आपलं तेच उत्तर दिलं. साहेब माझ्याकडे वळले. मी माझं पुस्तक सांगितलं. साहेबांना गंमत वाटली. म्हणाले, "तो आजमा लेते हैं." त्यांच्याच काळ्या मोटारीवर परीक्षा ठरली. तिचं ऑइल बदलायला आलं होतं. मी एकट्याने गाडी आत न्यायची, ऑइल बदलायचं की नाही ते मीच ठरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. मग उस्तादांनी चालवून सांगायचं.

मी ऑइल बदललं नाही. पान्यांचा आवाज केला, नव्या ऑइलचा डबा फोडला, थोडं बाहेर ओतलं म्हणजे वास सुटेल. आवाज आणि वास यांनी ते फसतील आणि माझं म्हणणं सिद्ध होईल, एवढाच माझा डाव होता. इथपर्यंतचं मी आजही कुणाच्या तोंडावर सांगू शकतो.

उस्ताद स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी, साहेब मागे. विद्यापीठाच्या बाजूने एक मोठा फेरा झाला. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून क्षणभर बसले, मग बंद केलं आणि खाली उतरले. सगळा मोटारखाना जमला होता. ते म्हणाले, "साहेब, ऑइल जुनंच आहे. बदललेलं नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "क्यों, विनायकराव?"

तेवढ्या वेळात माणूस किती विचार करू शकतो याचं मला अजून नवल वाटतं. हा माणूस बरोबर निघाला, आता साहेब याला सोडणार नाहीत... आईचे चाचपडणारे हात, बायकोची शाळा, परभणीकडचं ते गाव जिथे मी उभ्या आयुष्यात दोनदा गेलो होतो. आणि मी म्हणालो, "नाही सर. मी नवीन टाकलंय."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

ऑइल किती आहे ते बघायची पट्टी असते. बॉनेट उघडून ती ओढली असती तर काळं, दाट ऑइल सगळ्यांना दिसलं असतं. एवढंच करायचं होतं. मोटारखान्यात पोरासोराला जे सुचलं असतं ते उस्तादांना सुचलं नसेल? त्यांनी बॉनेटवर हात ठेवलाही. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो. त्यांनी हात काढून घेतला आणि साहेबांना म्हणाले, "असंल, साहेब. माझा पाय चुकला."

दुपारी सगळे पांगल्यावर मी शेडमध्ये गेलो तर बॉनेट उघडं होतं. ते एकटेच उभे होते आणि ती पट्टी फडक्याने पुसत होते. फडकं काळं झालं होतं. त्यांनी पट्टी जागेवर बसवली, बॉनेट लावलं आणि म्हणाले, "विनायकबाबू, आता खरंच बदलून टाका. इंजिनाची काय चूक." आणि डबा खायला गेले. त्या दिवशी आम्ही एकत्र जेवलो नाही.

साहेबांनी शिफारस माझी केली आणि महिन्याभरात उस्तादांचा बदलीचा हुकूम निघाला. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी त्यांना पाठवलं. राधाबाईंना औषधापासून तोडता येईना, म्हणून त्या आणि मुलगी शांता कोठीजवळ भावाकडे राहिल्या. उस्ताद सणावारी यायचे, चार दिवस राहायचे आणि जायचे. अशी कितीतरी वर्षं. ते निवृत्त होऊन परत येण्याआधीच राधाबाई गेल्या. मी अंत्ययात्रेला गेलो होतो, खांदाही दिला. उस्ताद दुसऱ्या दिवशी पोचले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही होतात, बरं झालं."

पुढे ते विद्यानगरला शांताकडे राहायला आले. मी महिन्यातून एकदा जायचो. दरवेळी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या जुन्या गाडीतून त्यांना फिरायला नेलं. आदल्याच दिवशी ऑइल बदललं होतं. मी म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी साहेबांच्या गाडीत..." त्यांनी खिडकीबाहेर बघतच माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "राहू द्या. गाडी छान चाललीय." मी गाडी घराकडे वळवली. त्यांनी मला वाचवलं असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते हवंच होतं.

लोक विचारतील, खरंच कळतं का? मी इतकी वर्षं गाडी चालवतोय. ऑइल बदललं की दरवेळी लक्ष देऊन बघतो. कधी आवाज जरा मऊ वाटतो, कधी काहीच वाटत नाही. तो फरक गाडीत असतो की माझ्या मनात, मला सांगता येत नाही. उस्तादांना ते पायाने कळलं की माझ्या चेहऱ्यावरून, की अंदाज बरोबर निघाला, तेही आता कळणार नाही. कसंही असो, ते खरं बोलले होते आणि मी खोटं.

तेरावं झाल्यावर मी शांताला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बाबांनी आम्हाला सांगितलं होतं, जाऊ द्या. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "काका, बाबांनी आईलासुद्धा हेच सांगितलं होतं. माझा पाय चुकला म्हणून. आई शेवटपर्यंत त्यांना बोलत राहिली. पायाच्या घमेंडीपायी घर मोडलं, म्हणायची. ते ऐकून घ्यायचे." मी म्हणालो, "शांता, मला माफ कर." ती म्हणाली, "मी कशी करू? बोलणी त्यांनी खाल्ली." मग ताट बाजूला ठेवलं. "तुम्ही हे लिहा. मला सांगितलंत तसंच. पेपरात द्या."

त्यांच्या घरी रविवारी उस्ताद पुढच्या खोलीतल्या बाजेवर बसून नातवंडांना मराठी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. मुलं इंग्रजी शाळेत जातात, मराठी अक्षरं त्यांना धड लागत नाहीत, पण ऐकायला बसत. आता शांता वाचते, तिथेच, त्याच वेळी. हे छापून येईल त्या रविवारी ती हे वाचणार आहे. म्हणून मुलांनो, तुम्हाला समजेल असं सरळ लिहितो. त्या दिवशी गाडीत जुनंच ऑइल होतं. तुमच्या आजोबांचा पाय चुकला नव्हता.